घराबाहेरची भीती आणि उपचाराची वाट : अंबरनाथ परिसरातून पाहिलेला ॲगोराफोबियाचा इतिहास

ॲगोराफोबिया हा मनोविकार वैद्यकाच्या नोंदीत आला तो एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात, म्हणजे ज्या काळात आगगाडीने माणसाचे घर आणि त्याच्या कामाची जागा एकमेकांपासून दूर नेली त्याच काळात. मोकळ्या मैदानाची भीती असा त्याचा अर्थ सर्रास सांगितला जातो, परंतु तो अपुरा आहे. जिथून चटकन निघता येणार नाही, किंवा अंगात एकाएकी काही बिघडले तर मदत मिळणार नाही, असे ज्या जागांविषयी वाटते त्या जागांची तीव्र आणि टिकून राहणारी भीती, असे या विकाराचे आजचे आकलन आहे. अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या २०१३ च्या वर्गीकरणात अशा जागांचे पाच गट केले आहेत : सार्वजनिक वाहने, मोकळ्या जागा, बंदिस्त जागा, रांग किंवा गर्दी, आणि घराबाहेर एकटे असणे. यांपैकी किमान दोन गटांची भीती साधारण सहा महिने किंवा त्याहून अधिक काळ टिकली, त्या जागा टाळल्या जाऊ लागल्या आणि त्यामुळे रोजचे जगणे अडू लागले, तर हे निदान केले जाते. अंबरनाथ पश्चिमेला राहून मुंबईत नोकरी करणाऱ्या माणसाला हे पाचही गट एकाच सकाळी भेटतात, कारण घरापासून स्टेशनपर्यंतचा रस्ता, तिकिटाची रांग, पादचारी पूल, गच्च भरलेला डबा आणि घरापासून सुमारे ६० किलोमीटर दूरचे कार्यालय ही त्याच्या दिनक्रमाची नेहमीची साखळी आहे. म्हणूनच या विकाराचा आणि त्याच्या उपचाराचा इतिहास या परिसरातून पाहिला असता एक गोष्ट ठळक होते : ज्याला घराबाहेर पडता येत नाही, त्याच्यापर्यंत उपचार पोहोचायचा कसा, हाच प्रश्न या इतिहासाच्या मुळाशी राहिला आहे.

युरोपात या विकाराची पहिली वर्णने मोठ्या शहरांतून आली. व्हिएन्नाचे मोरित्स बेनेडिक्ट यांनी १८७० मध्ये विस्तीर्ण चौक ओलांडताना येणाऱ्या घेरीचे वर्णन केले आणि तिचे मूळ त्यांनी शारीरिक मानले. बर्लिनचे कार्ल वेस्टफाल यांनी त्यानंतर लगेचच तीन पुरुषांच्या हकिकती मांडून या अवस्थेला ॲगोराफोबिया हे नाव दिले आणि घेरी नव्हे, तर भीती हेच तिचे मुख्य लक्षण आहे असे प्रतिपादन केले. त्यांच्या रुग्णांना चौक किंवा निर्मनुष्य रस्ते एकट्याने ओलांडता येत नसत, परंतु कोणी सोबत असले, हातात काठी असली किंवा थोडे मद्य घेतलेले असले की तीच वाट सुकर होई, ही वेस्टफाल यांची नोंद आजही उपचारकांना उपयोगी पडते. पुढे १८८९ मध्ये व्हिएन्नाचे नगररचनाकार कामिल्लो झिट्टे यांनी या भीतीचा संबंध नव्या शहरांतील अफाट आणि ओक्याबोक्या चौकांशी जोडला. ही उपपत्ती वैद्यकाने स्वीकारली नाही, तरी शहराची घडण आणि नागरिकाचे मन यांचा काही संबंध असू शकतो, हा प्रश्न तिने मागे ठेवला.

अंबरनाथची घडण या युरोपीय चौकांहून सर्वस्वी निराळी आहे. वालधुनी नदीकाठचे इसवी सन १०६० च्या सुमाराचे शिलाहारकालीन शिवमंदिर ही या गावाची जुनी ओळख असली, तरी आजचे अंबरनाथ घडवले ते रेल्वेने आणि कारखान्यांनी. मुंबई–ठाणे रेल्वे एप्रिल १८५३ मध्ये सुरू झाली, पुढच्या वर्षी ती कल्याणपर्यंत आली आणि १८५६ मध्ये कल्याणच्या पुढे खोपोलीकडे जाणारा मार्ग याच भूभागातून निघाला. १९२० च्या दशकात वेस्टर्न इंडिया मॅच कंपनीचा, म्हणजे विम्कोचा आगपेट्यांचा कारखाना येथे आला, त्याच्या नावाने पश्चिमेचा विम्को नाका आजही ओळखला जातो. स्वातंत्र्यानंतर संरक्षण उत्पादनाचे कारखाने व त्यांच्या वसाहती उभ्या राहिल्या आणि पुढे औद्योगिक वसाहतींची भर पडली. शेजारी, दुसऱ्या महायुद्धातील कल्याण लष्करी छावणीच्या बराकींत फाळणीनंतर सिंधी निर्वासितांना वसवण्यात आले आणि ऑगस्ट १९४९ मध्ये त्या वस्तीला उल्हासनगर हे नाव मिळाले. कारखान्याच्या वसाहतीत राहून भोंग्याच्या वेळेला पायी कामावर जाणाऱ्या कामगाराचे जगणे दोन-तीन किलोमीटरच्या परिघात पूर्ण होऊ शकत असे. परंतु मुंबईतील घरे परवडेनाशी झाल्यामुळे अंबरनाथ-बदलापूरला आलेल्या नोकरदार कुटुंबांचा परीघ पहिल्या दिवसापासून छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपर्यंत ताणलेला होता. पहिल्या प्रकारच्या जगण्यात रेल्वेची भीती वर्षानुवर्षे झाकलेली राहू शकते, तर दुसऱ्या प्रकारात ती पहिल्या महिन्यातच पगारावर येते.

या परिसराच्या आसपास आधुनिक मानसोपचाराची पहिली संस्था उभी राहिली ती १९०१ मध्ये, ठाण्याच्या नौपाडा भागात. नरोत्तमदास माधवदास यांच्या नावाने ओळखले गेलेले हे मनोरुग्णालय पुढे १८५० खाटांपर्यंत वाढले. तथापि ज्या कायदेशीर चौकटीत त्या काळातील अशा संस्था चालत, ती चौकट ॲगोराफोबियाच्या रुग्णासाठी नव्हतीच. १८५८ चे आणि नंतर १९१२ चे वेडेपणाविषयीचे कायदे मुख्यतः ज्यांच्यापासून समाजाला किंवा स्वतःला धोका आहे, ज्यांचा ताबा घ्यावा लागतो, अशा व्यक्तींचा विचार करीत आणि दंडाधिकाऱ्याच्या आदेशाने त्यांना दाखल करून घेण्याची पद्धत ठरवून देत. ज्याचे भान पूर्ण शाबूत आहे, जो घरात नीट वागतो-बोलतो आणि ज्याला आपली भीती अवास्तव असल्याचे बहुधा कळतेही, अशा माणसाला भिंतींच्या आत ठेवणारी संस्था काहीच देऊ शकत नव्हती, कारण त्याचा विकारच त्याला भिंतींच्या आत ठेवत होता.

त्यामुळे असा माणूस वैद्याकडे, घरच्या डॉक्टरकडे किंवा देवऋषीकडे जाई. आयुर्वेदात चरकसंहितेने मानस विकारांत चित्तोद्वेगाची गणना केलेली आहे आणि छातीतील धडधड, अंगाचा थरकाप, घाम यांवर वैद्य आपल्या परीने उपाय करीत. लोकसमजुतीत मात्र तिठ्यावर, पुलावर किंवा तिन्हीसांजेच्या वेळी एकाएकी आलेली अशी अवस्था ‘बाहेरची बाधा’ ठरे, दृष्ट काढली जाई, अंगारा लावला जाई आणि त्या जागी पुन्हा जाऊ नये असे बजावले जाई. आजच्या ज्ञानाच्या कसोटीवर पाहता या शेवटच्या सल्ल्यानेच सर्वाधिक नुकसान होत असे, कारण टाळण्याने भीती कमी होत नाही, तर मुरते. महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीने १९८९ पासून चालवलेल्या प्रबोधनात अंगात येणे, भानामती यांसारख्या प्रकारांमागील मानसिक कारणे समजावून सांगण्यावर जो भर राहिला, त्यामुळे अशा कुटुंबांची वाट मनोविकारतज्ज्ञाकडे वळण्यास काही अंशी मदत झाली.

या विकाराच्या अदृश्यतेला रूढीचाही हातभार लागला. आधुनिक पाहण्यांत ॲगोराफोबियाचे प्रमाण पुरुषांच्या तुलनेत स्त्रियांमध्ये सुमारे दुप्पट आढळते आणि बहुतेकांत त्याची सुरुवात पस्तिशीच्या आत होते. ज्या घरांत सुनेने एकटीने बाहेर न पडणे हीच मर्यादा मानली जाई, तेथे तिला बाहेर पडताच येत नाही ही बाब आजार म्हणून कोणाच्या लक्षात येण्याचे कारणच नव्हते. बाजारहाट दिराने केला, माहेरी सोडायला नवरा गेला, की तिचा दिवस बिनबोभाट पार पडे. पुरुषाच्या बाबतीत हीच अवस्था आळस, कामचुकारपणा किंवा भित्रेपणा म्हणून हिणवली जाई. स्त्रिया मोठ्या संख्येने लोकलने नोकरीला जाऊ लागल्या तेव्हा स्त्रीची भीती प्रथमच हजेरीपटावर उमटू लागली, आणि आधी स्वभाव समजल्या गेलेल्या गोष्टीला आजार म्हणून पाहणे भाग पडले.

उपचाराचे दार भिंतींबाहेर उघडले ते सर्वसाधारण रुग्णालयांतील बाह्यरुग्ण विभागांमुळे. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात १९३८ मध्ये के. आर. मसानी यांनी मानसोपचाराचा असा विभाग सुरू केला आणि पुढे परळच्या के. ई. एम. रुग्णालयात डॉ. एन. एस. वाहिया यांच्या नेतृत्वाखाली हे काम रुजले. दाखल न होता, आपले घर आणि नोकरी न सोडता, खोकला-तापाच्या रुग्णांच्याच इमारतीत जाऊन मनाच्या आजारावर उपचार घेता येणे ही चिंताविकारांच्या रुग्णांसाठी क्रांतिकारक सोय होती. वाहिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६० व १९७० च्या दशकांत पातंजल योगातील आसन, प्राणायाम, प्रत्याहार, धारणा आणि ध्यान या पायऱ्यांवर आधारलेली उपचारपद्धती अशा रुग्णांवर योजली आणि तिची परिणामकारकता तुलना करून तपासली. भारतीय परंपरेतील साधनेला प्रयोगाची शिस्त लावण्याच्या सुरुवातीच्या प्रयत्नांत तिची गणना होते. परंतु कल्याणपलीकडच्या रुग्णासाठी एक अडचण तशीच राहिली. परळला किंवा भायखळ्याला पोहोचायचे तर ज्या गाडीची भीती तीच गाडी पकडावी लागे, आणि म्हणून ज्याला उपचाराची गरज सर्वाधिक, तोच रुग्णालयात येण्याची शक्यता सर्वांत कमी असे.

भीती टिकते कशी, याचा उलगडा याच सुमारास जगभर होत होता. ओ. होबार्ट मौरर यांनी १९४७ मध्ये मांडलेल्या द्विघटक सिद्धांतानुसार भीती दोन टप्प्यांत पक्की होते : एखाद्या जागेशी भयाचा अनुभव जोडला जातो, आणि मग ती जागा टाळल्यावर मिळणारा सुटकेचा नि:श्वास टाळण्यालाच बक्षीस देतो. जोसेफ वोल्पे यांनी १९५८ मध्ये शरीर शिथिल करून भीतीच्या वस्तूकडे क्रमाक्रमाने जाण्याची पद्धत मांडली. लंडनचे आयझॅक मार्क्स यांनी त्यानंतरच्या काळात दाखवून दिले की कल्पनेत भीतीला सामोरे जाण्यापेक्षा प्रत्यक्ष रस्त्यावर, दुकानात आणि बसमध्ये तिला सामोरे जाणे अधिक फलदायी ठरते. मनोविश्लेषणाचे प्रणेते सिग्मंड फ्रॉइड यांनीही १९१८ च्या बुडापेस्ट येथील भाषणात, अशा रुग्णाने प्रत्यक्ष रस्त्यावर जाऊन भीतीशी झुंजल्याखेरीज विश्लेषण पुढे सरकत नाही, असे मान्य केले होते. एरवी परस्परविरोधी असलेले दोन संप्रदाय या एका मुद्द्यावर एकत्र येतात, हे लक्षणीय आहे.

औषधांच्या बाजूने अमेरिकेतील डोनाल्ड क्लाइन यांचे निरीक्षण निर्णायक ठरले. १९६० च्या दशकाच्या प्रारंभी त्यांना आढळले की इमिप्रॅमिन या औषधाने रुग्णांना एकाएकी येणारे भयाचे झटके थांबतात, पण पुन्हा झटका येईल या धास्तीने बाहेर जाण्याचे टाळणे मात्र तसेच राहते. भयाचा झटका, ज्याला आता मराठीतही पॅनिक अटॅक म्हटले जाते, म्हणजे काही मिनिटांत शिगेला पोहोचणारी छातीतील धडधड, गुदमरल्यासारखे वाटणे, घाम, हातापायांना मुंग्या आणि आता आपण मरणार किंवा वेडे होणार ही खात्री. क्लाइन यांच्या या निरीक्षणाच्या प्रभावाने १९८० च्या अमेरिकन वर्गीकरणात पॅनिक विकाराला स्वतंत्र स्थान मिळाले आणि १९८७ च्या सुधारित आवृत्तीत ॲगोराफोबिया त्याच्या सावलीत गेला. २०१३ मध्ये दोन्ही पुन्हा स्वतंत्र निदाने झाली. डेव्हिड क्लार्क यांनी १९८६ मध्ये या झटक्यामागील विचारांचे चक्र उलगडले : जिना चढल्याने वाढलेली धडधड हृदयविकाराची म्हणून वाचली जाते, त्या वाचनाने भीती वाढते, भीतीने धडधड आणखी वाढते आणि पहिला गैरसमज खरा वाटू लागतो.

विचार आणि भावना यांचा हा संबंध मराठी वाचकाला परिचित झाला तो मुख्यतः अल्बर्ट एलिस यांच्या विवेकनिष्ठ उपचारपद्धतीमुळे. एलिस यांनी १९५५ च्या सुमारास मांडलेल्या या पद्धतीशी महाराष्ट्राचा दीर्घ संबंध जुळला तो प्रामुख्याने कि. मो. फडके यांच्यामुळे, ज्यांनी एलिस यांच्याशी अनेक वर्षे पत्रव्यवहार केला आणि मराठीतून तिचा प्रसार केला. डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० मध्ये ठाण्यात इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ ही संस्था सुरू केली आणि व्याख्याने, लेखन व कार्यशाळांतून मनाच्या आरोग्याची भाषा सभागृहांत व शाळांत नेली. नौपाड्यातील मनोरुग्णालय आणि ही संस्था एकाच शहरात आहेत, परंतु त्यांच्या स्थापनेत नऊ दशकांचे अंतर आहे; पहिल्या संस्थेत माणसाला आणले जाई, दुसरीत तो स्वतःहून येतो. ॲगोराफोबियाच्या रुग्णासाठी हे स्वतःहून येणे हाच उपचाराचा पहिला टप्पा असतो.

आज या विकाराचे व्यवस्थापन दोन आधारांवर चालते. पहिला आधार बोधात्मक वर्तनोपचाराचा, म्हणजे भीतीमागील विचार तपासून पाहणे आणि टाळलेल्या जागांना पायरीपायरीने सामोरे जाणे यांचा. अंबरनाथ पश्चिमेच्या रुग्णासाठी अशी शिडी आखायची तर ती इमारतीच्या फाटकापासून सुरू होऊन विम्को नाक्यापर्यंत, तेथून स्टेशनच्या पुलापर्यंत आणि मग गाडी न पकडता फलाटावर अर्धा तास बसण्यापर्यंत जाईल. पुढची पायरी दुपारच्या रिकाम्या गाडीने उल्हासनगर किंवा बदलापूर या शेजारच्या एकाच स्थानकाची, त्यापुढची विठ्ठलवाडीवरून कल्याणची, नंतर धिम्या गाडीने ठाण्याची आणि सर्वांत वरची जलद गाडीची. जलद गाडी वर येण्याचे कारण वेग हे नसून न थांबणे हे आहे, कारण डोंबिवली आणि ठाणे यांच्या दरम्यान बरीच मिनिटे उतरण्याची वाट नसते. फेब्रुवारी २०२२ मध्ये पाचवी व सहावी मार्गिका सुरू होईपर्यंत या टप्प्यात १९१६ सालचा, सव्वा किलोमीटरहून अधिक लांबीचा पारसिक बोगदाही जलद लोकलच्या वाटेत होता. प्रत्येक पायरीवर भीती चढून आपोआप उतरेपर्यंत, किंवा जे घडेल असे वाटत होते ते घडले नाही याचा प्रत्यय येईपर्यंत थांबणे आणि मगच पुढे जाणे हा या पद्धतीचा गाभा आहे. मधेच पळ काढला तर शिकवणी उलटी होते.

या वाटेत उपचारक ज्यांना सुरक्षा-वर्तन म्हणतात अशा सवयींचा अडथळा येतो. दाराजवळच उभे राहणे, खिशातल्या गोळीला हात लावून पाहणे, पाण्याची बाटली घट्ट धरणे, फोनवर सतत कोणाशी तरी बोलत राहणे, या साऱ्यांमुळे प्रवास पार पडतो, पण यश त्या साधनाच्या खाती जमा होते. वेस्टफाल यांच्या रुग्णाची काठी ती हीच. म्हणून घरच्यांची सोबत आधी घ्यावी आणि ठरवून कमी करत न्यावी, असे सांगितले जाते. लोकलच्या दारात उभे राहणे तर जिवावर बेतणारे आहे, जून २०२५ मध्ये मुंब्र्याजवळ धावत्या गाड्यांतून पडून झालेले मृत्यू त्याची साक्ष देतात. गर्दीच्या गाडीत चढताना वाटणारी सावधगिरी आणि भयगंड यांतील सीमा उपचारकाने याच कारणाने नीट आखावी लागते : जुलै २०१९ मध्ये बदलापूर-वांगणी दरम्यान पुराच्या पाण्यात महालक्ष्मी एक्स्प्रेस अडकली तेव्हा प्रवाशांना वाटलेली भीती हा विकार नव्हता, आणि उपचाराचे उद्दिष्ट अशी भीती पुसणे हे नसते. रिकाम्या, सुरक्षित गाडीतही जी भीती तितकीच राहते, तिच्यावर काम करायचे असते.

दुसरा आधार औषधांचा. सर्ट्रालिन, एस्सिटॅलोप्रॅम यांसारखी, मेंदूतील सेरोटोनिन या रसायनावर काम करणारी औषधे पहिल्या पसंतीची मानली जातात. त्यांचा परिणाम दिसायला काही आठवडे लागतात आणि बरे वाटल्यावरही ती अनेक महिने चालू ठेवावी लागतात. अल्प्राझोलॅमसारख्या गोळ्यांनी अर्ध्या-पाऊण तासात शांत वाटते, परंतु त्यांची सवय जडते, म्हणून त्या थोड्याच काळापुरत्या आणि देखरेखीखाली वापरल्या जातात आणि भारतात त्यांच्या विक्रीवर कडक नोंदींचे बंधन आहे. औषध सुरू करण्यापूर्वी थायरॉइड आणि हृदयाच्या तक्रारी तपासून घेणे इष्ट असते, कारण त्यांची काही लक्षणे अशीच असतात. मद्याने मिळणारा तात्पुरता धीर हा या विकारातील जुना आणि घातक सोबती आहे.

मार्च २०२० मध्ये टाळेबंदीमुळे लोकल बंद झाली आणि सर्वसामान्यांना ती पूर्ववत मिळण्यास दीड वर्षाच्या आसपास काळ लागला. घरात राहणे हे या काळात सार्वजनिक कर्तव्य ठरल्याने टाळण्याला प्रथमच राजमान्यता मिळाली. जे रुग्ण शिडीच्या मधल्या पायरीवर होते, त्यांचा सराव तुटला. दुसऱ्या बाजूने दूरध्वनीवरून सल्ला घेण्याची सवय याच काळात रुळली आणि १० ऑक्टोबर २०२२ रोजी केंद्र सरकारने १४४१६ या क्रमांकाची टेली-मानस ही मोफत सेवा सुरू केली. त्यापूर्वी, मे २०१८ मध्ये अमलात आलेल्या २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने शासकीय सेवा परवडणाऱ्या दरात आणि जवळपास मिळणे हा नागरिकाचा हक्क मानला होता. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात चिंता, नैराश्य यांसारख्या सर्वसाधारण मनोविकारांच्या सुमारे ८५ टक्के रुग्णांना उपचार मिळत नसल्याचे दिसले होते, त्यावरून या हक्काची निकड कळते.

फोनवरून मिळणारा सल्ला दीडशे वर्षांचा हा प्रश्न अर्धाच सोडवतो. तो दाराआड अडकलेल्या माणसापर्यंत पहिल्यांदाच सहज पोहोचतो, परंतु तेथेच थांबला तर दाराआड राहण्याची आणखी एक सोय होऊन बसतो, कारण या विकारात उपचाराची जागा दवाखाना नसून टाळलेली जागा हीच असते. म्हणून उल्हासनगरचे मध्यवर्ती रुग्णालय किंवा अंबरनाथचे छाया रुग्णालय अशा जवळच्या शासकीय रुग्णालयांत चिंताविकारांसाठी नियमित सेवा मिळणे, आणि रुग्णासोबत पुलापर्यंत, फलाटापर्यंत व पहिल्या काही प्रवासांपर्यंत येणारा प्रशिक्षित कार्यकर्ता तिच्याशी जोडलेला असणे, ही या परिसरातील उपचाराची स्वाभाविक पुढची पायरी ठरते. नौपाड्याच्या भिंतींपासून बाह्यरुग्ण विभागापर्यंत आणि तेथून फोनपर्यंत उपचार सरकत आला तो रुग्णाच्या दिशेने. रुग्णाला उलट दिशेने, म्हणजे घरातून शहराकडे नेण्याचे काम मात्र औषध आणि सल्ला यांच्या जोडीला चालता येईल असा रस्ता, चढता येईल असा पूल आणि श्वास घेता येईल असा डबा असल्याखेरीज पुरे होत नाही, आणि ते वैद्यकाइतकेच नगरपालिकेचे व रेल्वेचेही काम आहे.